पूर्वेकडून येणारा पाऊस
मालीतील पावसाळी प्रवासाचा भूगोल आणि विज्ञान

नकाशाची वही उघडा. कोल्हापूर आणि सांगली यांच्या मधून जाणारी १६° ४६′ उत्तर अक्षांशाची रेषा शोधा आणि बोटाने ती पश्चिमेकडे लांबवत न्या. अरबी समुद्र ओलांडला की येमेन लागेल, मग तांबडा समुद्र, एरिट्रिया, सुदान, चाड, नायजर आणि शेवटी माली हा देश. मालीत ही रेषा टिंबक्टू या जुन्या शहराजवळून जाते. म्हणजे कोल्हापूरला दुपारचा सूर्य जितका डोक्यावर येतो, तितकाच तो टिंबक्टूलाही येतो. असे असूनही कोल्हापूरला वर्षाकाठी सुमारे १००० मिलिमीटर पाऊस पडतो, तर टिंबक्टूला २०० मिलिमीटरसुद्धा पडत नाही. आणि गंमत अशी, की एवढ्याशा पावसानेही तिथले रस्ते दिवसदिवस बंद पडतात.

अक्षांश एक, पण पावसाळा निराळा. हे कसे घडते, आणि अशा देशात पावसाळ्यात प्रवास करणाऱ्याला कोणत्या गोष्टी ठाऊक असाव्या लागतात, ते या लेखात पाहू. २०१२ पासून मालीच्या उत्तर व मध्य भागांत सशस्त्र संघर्ष चालू असून तेथील रस्त्यांवर आणि नदीवरही प्रवाशांचे बळी गेले आहेत. म्हणून आपला प्रवास नकाशावरचाच राहील. पण त्यातले विज्ञान मात्र तेथे राहणाऱ्या लोकांच्या रोजच्या जगण्याचे आहे.

दोन वाऱ्यांची झुंज

माली हा महाराष्ट्राच्या सुमारे चौपट क्षेत्रफळाचा देश आहे. त्याला समुद्रकिनारा नाही. उत्तरेला सहारा वाळवंट, तर दक्षिणेला गिनी आणि आयव्हरी कोस्ट हे देश आणि त्यांच्या पलीकडे अटलांटिक महासागराचे गिनीचे आखात. हिवाळ्यात सहाराकडून ईशान्य दिशेचा कोरडा, धुळीचा वारा वाहतो. त्याला ‘हरमॅटन’ म्हणतात. उन्हाळ्यात सहाराची जमीन तापते, तिच्यावरील हवेचा दाब कमी होतो आणि गिनीच्या आखातावरून बाष्पाने भरलेले नैऋत्य वारे आत शिरतात. आपल्या मोसमी वाऱ्यांचेच हे आफ्रिकेतले भावंड.

ही कोरडी आणि ओली हवा जिथे भेटते ती सीमारेषा जानेवारीत समुद्रकिनाऱ्याजवळ असते आणि ऑगस्टमध्ये सुमारे २०° उत्तर अक्षांशापर्यंत सरकते. आता तुम्ही म्हणाल, मग ऑगस्टमध्ये टिंबक्टूला भरपूर पाऊस का पडत नाही? ते तर त्या रेषेच्या दक्षिणेलाच आहे!

याचे उत्तर ओल्या हवेच्या जाडीत आहे. ओली हवा सहाराच्या तापलेल्या हवेपेक्षा थंड व जड असते. म्हणून ती जमिनीलगत पाचरीसारखी आत घुसते आणि कोरडी हवा तिच्यावर झाकणासारखी पसरते. पाचरीच्या टोकाजवळ ओल्या हवेचा थर पातळ असतो. तेथून वर चढणारे ढग लवकरच कोरड्या थरात शिरतात आणि विरून जातात. उंच ढग तयार व्हायला काही शे किलोमीटर दक्षिणेकडे, थर पुरेसा जाड होईल तेथवर यावे लागते. त्यामुळे दक्षिणेकडच्या बामाको या राजधानीला सुमारे १००० मिलिमीटर, मधल्या मोप्तीला सुमारे ५०० आणि टिंबक्टूला २०० हून कमी अशी पावसाची उतरंड दिसते.

बामाको १२° ३९′ अक्षांशावर आहे. त्याच्यात आणि टिंबक्टूत सुमारे ४ अंशांचा फरक, म्हणजे साधारण ४५० किलोमीटर. एवढ्या अंतरात पाऊस ८०० मिलिमीटरने घटतो. याचा अर्थ उत्तरेकडे दर किलोमीटरला वर्षाचा पाऊस जवळजवळ पावणेदोन मिलिमीटरने कमी होतो. ही पाचर एखाद्या वर्षी शंभर किलोमीटर अलीकडेच थांबली, तर पिकांचे काय होत असेल याचा हिशेब तुम्हीच करा. १९६८ ते १९७४ आणि पुन्हा १९८३-८४ मध्ये या प्रदेशाने भीषण दुष्काळ पाहिले, ते उगीच नव्हे.

वादळ कुठल्या दिशेने येते?

कोकणातला मुलगा पावसाचा अंदाज घ्यायला पश्चिमेकडे, समुद्राकडे पाहतो. मालीतला मुलगा पूर्वेकडे पाहतो. बाष्प नैऋत्येकडून आले असले, तरी वादळे येतात पूर्वेकडून! हे कोडे बरेच दिवस शास्त्रज्ञांनाही पडले होते.

जमिनीपासून तीन-चार किलोमीटर उंचीवर पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा एक वेगवान झोतवारा असतो. तापलेला सहारा आणि त्यामानाने थंड असलेला गिनीचा किनारा यांच्या तापमानांतील फरकामुळे तो निर्माण होतो. उंच गडगडाटी ढगांची एक रांगच्या रांग, कधी कधी शेकडो किलोमीटर लांबीची, पश्चिमेकडे सरकू लागते. ढगातून पडणाऱ्या पावसाचे काही थेंब वरच्या कोरड्या हवेत आटतात, त्यामुळे हवा गार व जड होऊन खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून पुढे पसरते. हा गार लोंढा समोरच्या उबदार ओल्या हवेला वर ढकलतो व तिच्यातून नवे ढग उभे राहतात. अशा रीतीने वादळ आपली वाट आपणच तयार करीत जाते.

त्याचा क्रम ठरलेला असतो. आधी पूर्वेला काळसर कमान दिसते. मग वारा पडतो आणि उकाडा असह्य होतो. नंतर तांबड्या धुळीची भिंत चालून येते व काही मिनिटांत तापमान झपाट्याने उतरते. मागोमाग मुसळधार सर येते आणि शेवटी तास-दोन तास हलकी रिपरिप. या प्रदेशातील पावसाचा मोठा वाटा अशा मोजक्याच वादळांतून पडतो. झडीचा आठवडा तिथे नसतो. एक जबर सर आणि मग काही दिवस लख्ख ऊन.

समजा, वादळ ताशी ५० किलोमीटर वेगाने पश्चिमेकडे येत आहे आणि कमान ४० किलोमीटरवर दिसते आहे. उभ्या प्रवाशाला निवारा शोधायला ४८ मिनिटे मिळतील. पण त्याची गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने पूर्वेकडेच जात असेल, तर वादळ २४ मिनिटांतच त्याला गाठेल. सापेक्ष वेगाचे हे उदाहरण तुमच्या पुस्तकातील आगगाड्यांच्या उदाहरणांपेक्षा वेगळे नाही.

तांबडा रस्ता का बंद होतो?

बामाकोहून मोप्तीकडे डांबरी रस्ता जातो. पण मुख्य रस्ता सोडला की बहुतेक वाटा तांबड्या खडीच्या आहेत. ही खडी म्हणजे आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातला जांभाच. उष्ण आणि पावसाळी हवामानात हजारो-लाखो वर्षे खडक कुजतो, त्यातील सिलिका पाण्याबरोबर वाहून जाते आणि लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे उरतात. तांबडा रंग लोहाचा. फ्रान्सिस बुकानन याने मलबारात हा दगड पाहिला आणि १८०७ मध्ये त्याला ‘लॅटेराइट’ हे नाव दिले. ‘लेटर’ या लॅटिन शब्दाचा अर्थ वीट. म्हणजे आफ्रिकेतल्या या रस्त्यांच्या खडीचे शास्त्रीय नाव आपल्या पश्चिम किनाऱ्यावर जन्मले.

कोरडा किंवा किंचित दमट असताना हा रस्ता चांगला टणक असतो. मातीच्या कणांमधील पाण्याचा पातळ पडदा कणांना एकमेकांकडे ओढून धरतो. ओल्या वाळूचा किल्ला उभा राहतो तो याच कारणाने. पण कणांमधल्या सगळ्या फटी पाण्याने भरल्या की हा ताण नाहीसा होतो. त्यातच वरून मालमोटारीचे चाक आले, तर फटींतले पाणी एकदम बाहेर पडू शकत नाही. भार कणांऐवजी पाण्यावर पडतो, कणांमधले घर्षण कमी होते आणि माती लोण्यासारखी सरकते. चाकाने पडलेल्या चाकोरीत पुढच्या सरीचे पाणी साचते, ते आत मुरते आणि पुढची गाडी आणखी खोल रुतते.

यावर माली, बुर्किना फासो, कॅमेरून अशा देशांत एक साधा उपाय आहे. कच्च्या रस्त्यावर ठिकठिकाणी आडवा बांबू किंवा लोखंडी दांडा असतो, त्याला ‘पावसाचे फाटक’ म्हणतात. सर आली की फाटक पडते आणि रस्ता पुरेसा वाळेपर्यंत जड वाहने अडवली जातात. कधी काही तास, तर कधी दिवसभर.

जड वाहनेच का? १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यात मुद्दाम बांधलेल्या पक्क्या रस्त्यांवर मोठे प्रयोग झाले. रस्त्याची झीज ही आसावरील भाराच्या साधारण चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते, असे त्यांतून दिसले. एका आसावर १ टन भार असलेली मोटार आणि १० टन भार असलेली मालमोटार यांची तुलना करा. भार दसपट, पण झीज १० × १० × १० × १०, म्हणजे सुमारे १०,००० पट! मातीच्या भिजलेल्या रस्त्याला हा नियम जसाच्या तसा लागू पडत नाही. पण एका उतावळ्या चालकाने सगळ्या गावाचा रस्ता मोसमभर बिघडू शकतो, एवढे त्यावरून कळते.

कोरड्या ओढ्यात मोटार तरंगते

सहाराच्या काठावरील उघड्या जमिनीवर पावसाचे थेंब आपटून वरचा थर घट्ट बसतो व त्याची पापडी बनते. पाणी मुरण्याऐवजी वाहू लागते. एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लीटर पाणी. तेव्हा १० चौरस किलोमीटरांवर ३० मिलिमीटर पाऊस पडला तर ३० कोटी लीटर पाणी झाले. त्यातले निम्मे जरी वाहिले, तरी १५ कोटी लीटर पाणी एका ओढ्यातून तासा-दोन तासांत जाणार. पाऊस डोंगरात पडलेला असतो आणि ओढ्याकाठी मात्र ऊन असते. म्हणूनच कोरड्या पात्रात मुक्काम करू नये, असे तिथले जाणते लोक सांगतात.

पाण्यात मोटार घालावी का? आर्किमिडीजला विचारू. मोटारीचे वजन १२०० किलोग्रॅम आणि तळाचे क्षेत्रफळ ४ मीटर × १.६ मीटर, म्हणजे ६.४ चौरस मीटर धरा. १२०० किलोग्रॅम पाणी म्हणजे १.२ घनमीटर. त्याला ६.४ ने भागले की सुमारे ०.१९ मीटर येतात. तळ जमिनीपासून २० सेंटिमीटर उंच असेल, तर पाणी सुमारे ३९ सेंटिमीटर चढताच, आत पाणी शिरेपर्यंत, मोटार तरंगू लागेल! गुडघाभर पाणीसुद्धा नाही हे. एकदा चाकांची पकड सुटली, की वाहते पाणी तिला ढकलणार, आणि तो रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट, तर रेटा चौपट. म्हणून पाणी ओसरेपर्यंत थांबणे हाच शहाणपणा.

उशिरा येणारी नदी

रस्ते बंद होतात तेव्हा मालीत दुसरा एक रस्ता उघडतो. तो म्हणजे नायजर नदी. गिनीच्या डोंगरात, अटलांटिकपासून जेमतेम अडीचशे किलोमीटरवर तिचा उगम आहे. पण ती समुद्राकडे पाठ फिरवून ईशान्येला, थेट वाळवंटाकडे निघते. टिंबक्टूजवळून पूर्वेकडे जाते, मग आग्नेयेला वळते आणि सुमारे ४२०० किलोमीटरांचा प्रवास करून नायजेरियात समुद्राला मिळते.

तिचा पूर मोठा नवलाचा आहे. गिनीतल्या पावसाने बामाकोजवळच्या कुलिकोरोला नदी सप्टेंबरात सर्वांत जास्त फुगते. मोप्तीला ही उंची ऑक्टोबर-नोव्हेंबरात येते, आणि टिंबक्टूला डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे पावसाळा कधीच संपून हरमॅटन वाहू लागल्यावर! कुलिकोरो ते टिंबक्टू हे नदीने सुमारे ९०० किलोमीटर अंतर. ते पार करायला पुराच्या शिखराला १०० दिवस लागले असे धरले, तर वेग दिवसाला ९ किलोमीटर पडतो. बैलगाडीही याहून लवकर जाईल. कारण मधला प्रदेश जवळजवळ सपाट आहे. तेथे नदी अनेक फाट्यांत विभागते, हजारो चौरस किलोमीटरांवर पसरते आणि भले मोठे सरोवर बनते. पाणी साठते आणि सावकाश निसटते. बरेचसे वाफ होऊन उडूनही जाते.

या पाण्यावर भात पिकतो, मासे वाढतात आणि पूर ओसरल्यावर हिरवे कुरण उगवते. फुलानी गुराखी पावसाळ्यात आपली गुरे कोरडवाहू मुलखात नेतात आणि पाणी उतरू लागले की ती नदीपार परत आणतात. मोठ्या प्रवासी बोटीही पाणी पुरेसे असते त्याच, साधारण ऑगस्टपासून पुढच्या काही महिन्यांत चालू शकतात. थोडक्यात, पावसाळ्यात कुठला रस्ता चालू हे आकाशाकडे पाहून नव्हे, तर नदीच्या उगमाकडे काय घडले यावरून ठरते.

उकाडा आणि डास

मालीत सर्वांत कडक उन्हाळा पावसाआधी, एप्रिल-मेमध्ये असतो. पारा ४० अंशांवर जातो. ऑगस्टमध्ये बामाकोचे दुपारचे तापमान ३१-३२ अंशांपर्यंत उतरते. मग पावसाळ्यात शरीराला बरे वाटायला हवे, नाही का? पण घाम वाळला तरच शरीर थंड होते. ४० अंश तापमान व १५ टक्के आर्द्रता असताना ओल्या फुग्याचा तापमापी सुमारे २१ अंश दाखवतो. ३२ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असताना तोच सुमारे २८ अंश दाखवतो. हवा ८ अंशांनी थंड, पण घामाने थंड होण्याची सोय ७ अंशांनी कमी! म्हणून पावसाळ्यातही दुपारचे श्रम टाळावे आणि तहान लागण्याची वाट न पाहता उकळलेले पाणी प्यावे.

या ऋतूतला खरा शत्रू मात्र डास. १८०५ मध्ये मंगो पार्क हा स्कॉटिश प्रवासी सुमारे ४० युरोपीय सोबत्यांसह गँबियातून नायजरकडे निघाला. निघायला उशीर झाला आणि वाटेत पावसाने गाठले. ऑगस्टच्या मध्यास नायजर दिसली, तेव्हा त्यांतील जेमतेम ११ जण जिवंत होते. बाकीचे ताप आणि हगवण यांनी गेले. तापाचे कारण त्या काळी कुणालाच ठाऊक नव्हते. हिवतापाचे जंतू डासाच्या शरीरात वाढतात, हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ च्या ऑगस्टमध्ये आपल्या सिकंदराबादेत दाखवले.

आफ्रिकेतला प्रमुख ॲनॉफिलिस डास उन्हातल्या लहान, उथळ डबक्यांत अंडी घालतो. मालमोटारीच्या चाकोरीत साचलेले पाणी त्याला चालते. अंड्यापासून डास व्हायला उष्ण हवेत साधारण दहा दिवस पुरतात. म्हणूनच पहिल्या पावसानंतर काही आठवड्यांनी हिवताप वाढू लागतो. पावसाळ्याच्या महिन्यांत लहान मुलांना दरमहा प्रतिबंधक औषध द्यावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये केली व मालीसह अनेक देशांनी ती स्वीकारली. परक्या प्रवाशाने मच्छरदाणी आणि डॉक्टरांनी दिलेले प्रतिबंधक औषध विसरू नये. पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते. मालीत शिरताना तिचा दाखला दाखवावा लागतो आणि मालीतून भारतात परतणाऱ्याकडे आपले सरकारही तो मागते.

फाटकापाशी

या सगळ्याचा माणसांच्या जगण्याशी काय संबंध, ते शेवटी पाहू. मालीतील शेतकऱ्याची मुख्य पिके बाजरी आणि ज्वारी. (बाजरी हे मूळचे याच प्रदेशातले धान्य, ईशान्य मालीतील तिलेम्सी खोऱ्यात तिच्या लागवडीच्या सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या खुणा सापडल्या आहेत. आपली भाकरी तिथून आली!) पेरणी जून-जुलैत आणि कापणी ऑक्टोबरच्या आसपास. म्हणजे जुलै ते सप्टेंबर या काळात कणग्या रिकाम्या, शेतात कामाची घाई, अंगात हिवताप, आणि नेमके तेव्हाच रस्त्यावर फाटक पडलेले. पलीकडे धान्याची मालमोटार उभी असते. ती सोडली, तर आज धान्य पोचेल, पण पुढचे दोन महिने रस्ता राहणार नाही. अडवली, तर रस्ता टिकेल, पण धान्याला उशीर होईल. फाटकावरच्या माणसापुढचा हा प्रश्न कुठल्याही सूत्राने पूर्ण सुटत नाही. धान्य व औषधे पावसाआधीच गावोगाव पोचवून ठेवणे हाच त्यावरचा उत्तम उपाय.

२०२४ च्या पावसाळ्यात मालीत इतके पूर आले, की सरकारने राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली. अनेक शाळांत पूरग्रस्तांना आसरा दिला होता. त्यामुळे त्या वर्षी शाळा ऑक्टोबरऐवजी नोव्हेंबरमध्ये सुरू झाल्या. पाऊस कमी असो की जास्त, त्याची वेळ आणि त्याची वाट ठाऊक असणे हे तेथे जगण्याचे साधन आहे.

करून पाहा

एका पसरट डब्यात मुरूम किंवा तांबडी माती थोडी ओलसर करून घट्ट ठोका. तिच्यावर लाकडाचा लहान ठोकळा ठेवून त्यावर वीट तोला. ठोकळा किती मिलिमीटर रुतला ते मोजा. आता मातीत ती पुरती भिजेपर्यंत पाणी घालून पुन्हा मोजा. मग डबा उन्हात ठेवून दर दोन तासांनी, प्रत्येक वेळी नव्या जागी, मोजमाप घ्या आणि त्याचा आलेख काढा. काळ्या मातीवर हाच प्रयोग करून दोन्ही आलेखांची तुलना करा.

प्रश्न

१. तुमच्या आलेखावरून ‘फाटक’ किती तासांनी उघडावे? काळ्या मातीसाठी हा वेळ वेगळा का येतो?
२. ९०० किलोग्रॅम वजनाची, ५ चौरस मीटर तळाची व जमिनीपासून १६ सेंटिमीटर उंच असलेली मोटार किती पाण्यात तरंगेल?
३. नायजरच्या मधल्या भागात नदी पसरत नसती, तर टिंबक्टूचा पूर लवकर आला असता की उशिरा? कारण द्या.